किल्लीशिवाय

रीगाच्या ट्राम डेपोमागे, जिथे जुने रूळ गवतात शिरून संपतात,
हरवलेल्या वस्तूंचं कार्यालय आहे:
एक खिडकी, एक हीटर
आणि स्काइद्रिते वानागा, निवृत्तीला दोन वर्षं बाकी.

तिची वही होती. सात रकाने.
वस्तू, रंग, मार्ग, तारीख, वेळ, कोणी आणली, कोणी नेली.
यात न मावणारं ती समासात लिही,
पेन्सिलीनं, तिरपं.

मी आलो ढग घेऊन.
म्हटलं, यात रकानेच नाहीत, बाई.
प्रत्येक वस्तूची आपली वेगळी नोंद. जे दिसेल ते लिहा.
तिनं छताकडे पाहिलं.
"ढग म्हणजे नेमका कुठे?"
फ्रँकफुर्टजवळ, बिनखिडक्यांच्या एका इमारतीत.
"मग जर्मनीत म्हण ना, मार्गेर्स."

पहिला आठवडा ती परक्या घरी जेवल्यासारखी लिहीत होती.
मग हात सैल झाला:

हातमोजा, डावा. मीठमिरी रंग. अंगठा दुसऱ्याच लोकरीनं रफू केलेला.
कवळी, वरची. हसरी.
अकॉर्डियनची पेटी. आत अकॉर्डियन नाही, एक उकडलेला बटाटा.
छत्री. वास: धूर, शेपू.

एक नोंद दुसरीसारखी नाही,
आणि यंत्रानं हूं की चूं केलं नाही.
त्या दिवशी मी स्वतःवर खूश होऊन
घरापर्यंत चालत गेलो.

नोव्हेंबरात एका रात्रीत रस्ते काचेचे झाले.
शहरभर माणसं घसरली, वस्तू सांडल्या.
मी नोंदी तारखेवर वाटल्या होत्या. माझीच चूक, शाळकरी.
तारीख एकच, म्हणून सगळी झुंबड एका कप्प्यावर,
बाकीचे कप्पे हात चोळत बसलेले.
पडद्यावर: थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा.
खिडकीबाहेर एक बाई एका बुटावर उभी.
स्काइद्रितेनं तिला आपल्या सपाता दिल्या.
त्याची नोंद कुठेच नाही.

त्याच छत्रीला तिनं बाटलीहिरवी म्हटलं
आणि नदीपलीकडच्या खिडकीतून इमान्त्सनं काळी.
एकाच क्षणी.
थोडा वेळ या काठावर ती हिरवी होती, त्या काठावर काळी,
मग दोन्हीकडे काळी.
शेवटी जो लिहितो त्याचं राहतं, मी समजावलं,
हा इथला नियम आहे.
ती हसली. "तुझ्या जन्माआधीपासूनचा.
माझ्या आईचा पत्ता चारदा बदलला.
ती त्या घरातून कधी हलली नाही."

मग बिल आलं.
लिहिण्याचे पैसे कमी, वाचण्याचे भरमसाट.
दुपारी चहाबरोबर ती पहिल्या नोंदीपासून शेवटच्यापर्यंत
सगळं वाचत असे,
शेपूचा वास शोधत.
मी आवाज चढवला:
असं अख्खं कपाट उपसायचं नसतं.
किल्ली द्यायची, एकच नोंद मागायची, संपलं.

काउंटरपाशी एक म्हातारा टोपी हातात धरून उभा होता.
काय हरवलं, आजोबा?
"किल्ली."
कुठली? "घराची." कधी?
त्याला आठवेना. मार्ग? आठवेना.
खिशाला भोक होतं, तेवढं त्यानं काढून दाखवलं.

स्काइद्रिते माझ्याकडे बघत राहिली, बराच वेळ.
मग तिनं अख्खं कपाट उपसलं.
चारशे बारा किल्ल्या. त्याची नव्हती.
दोघांनी चहा घेतला.

नव्वद दिवसांनी नोंदी आपोआप पुसल्या जातात;
ते मीच लावलंय, खर्च वाचावा म्हणून.
फळीवरच्या वस्तूंना हे कोणी कळवलेलं नाही.
डाव्या हातमोज्याची मुदत परवा संपणार होती.
काल संध्याकाळी पाहिलं, तर नोंदीत एक नवी ओळ:
आज कोणी विचारलं नाही.
खाली आदल्या दिवशीची: आज कोणी विचारलं नाही.
त्याखालीही तेच, डिसेंबरपर्यंत.
प्रत्येक ओळीगणिक मुदत नव्यानं सुरू होते,
हे तिला कोणी सांगितलं, कुणास ठाऊक.

एका ओळीला किती पडतात ते मला माहीत आहे.
या महिन्यात ते मी 'किरकोळ' मध्ये टाकले,
हीटरच्या दुरुस्तीखाली.