मार्चचं नाव

जुलैत तिथे थंडी असते.
सिडनीच्या संग्रहालयात, तळघराच्या दारापाशी बसून
मी नावांचे बिल्ले टाइप करत होते.
नव्वदेक माणसं, एकोणीस देश
आणि विषय एकच : समुद्रातले किडे.

टॅक्सीवाल्यानं कुणाला तरी विचारलं होतं,
"जंतांची परिषद? मग औषध निघालं का काही?"
पहिला हशा त्यावर झाला.
मग दिवे गेले, पडदा उजळला
आणि चिखलात आयुष्य काढलेली ती माणसं
एकेका केसाच्या टोकावरून भांडू लागली :
टोक दुभंगलेलं की साधं.

तिसऱ्या दिवशी, चहाच्या वेळी,
ट्रॉम्सोच्या राग्नीबाई आणि ब्राझीलच्या इरासेमा
एकाच सूक्ष्मदर्शकाला आळीपाळीनं डोळा लावत होत्या.
सत्तावीस वर्षांची पत्रं, भेट पहिली.
दोन बाटल्या, दोन नावं,
आत किडा एकच.

नियम सोपा आहे : आधी छापलं ते राहतं.
राग्नीबाईंचं मार्चमधलं.
इरासेमांचं त्याच वर्षी, नोव्हेंबरात;
छापखान्यात कागद नव्हता म्हणे.

राग्नीबाईंनी ठेवलं होतं 'फिकट' अशा अर्थाचं लॅटिन नाव.
त्यांना तो मिळाला जाळ्यात, मेलेला, मग स्पिरिटमध्ये.
स्पिरिटमध्ये काय फिकट होत नाही?
इरासेमांनी दिलं होतं एका होडीवाल्याचं, झेफेरिनोचं.
त्यानं ओहोटीला दगड उलटून दाखवला होता तो, जिवंत,
ओल्या पितळेसारखा, कडांना हिरवा जाळ.
"त्याला वाचता येत नव्हतं," इरासेमा म्हणाल्या,
"मीच सांगितलं, आता तुझं नाव कुणी पुसणार नाही."

माझ्या हातात बिस्किटांची बशी होती,
ती तशीच राहिली.
"आहे तो अजून?"
"होडी विकली. मुलीकडे असतो, डोंगरात."
"मग कळवू नका त्याला."
"आणि नियम?"
"नियम किड्यासाठी आहे."

शेवटच्या पहाटे सगळ्यांना किनाऱ्यावर नेलं.
पाणी लांब सरलेलं, वारा बोचरा.
राग्नीबाई उसन्या गमबुटात गुडघ्यांवर बसल्या,
एक दगड उचलला.
खाली काहीतरी वळवळलं, चिखलाच्याच रंगाचं.
हा तो नव्हे, हे मलासुद्धा कळलं.
तरी त्या हळूच म्हणाल्या, "झेफेरिनो."
"शेवटी उ," इरासेमा म्हणाल्या, "झेफेरिनु."
"झेफेरिनु."
मग दोघींनी मिळून तो दगड
होता तसा, होता तिथे ठेवला.