हात रिकामे ठेवून

माझ्या नवऱ्याला आळशी म्हणून बघा,
अख्खं गोझो बेट हसेल तुम्हाला.
तांबडं फुटायच्या आत विस्तिन खडकावर असतो.
त्याच्या पणज्यानं कोरलेल्या चौकोनी वाफ्यांत
समुद्र वाळत घातलेला,
आणि कडेकडेनं हा, झाडू, फावडं, पोती.
दुपारी केपरच्या कळ्या. संध्याकाळी गच्चीला चुना.
रात्री सणाच्या दिव्यांच्या तारा सोडवता सोडवता
खुर्चीतच घोरतो,
आणि घोरतानाही बोटं चालूच.

रिकाम्या हातावर सैतान येऊन बसतो,
असं त्याची आई म्हणायची.
तिनं ते हात जोडायलासुद्धा
पोरांना नीट सवड दिली नाही.

म्हणून पापनिवेदनाला गुडघे टेकले की
विस्तिन सहा पापांचा हिशोब देतो,
आणि सातव्यापाशी येऊन छाती काढतो.
"आळस आपल्याकडे नाही, फादर."
हे जाळीतून जरा मोठ्यानंच.
मागच्या बाकावर मला ऐकू येतं.

यंदा सांता मारियाच्या सणाआधी
दुन अल्विजनी त्याला उलट विचारलं म्हणे,
नेनू कसा आहे?

नेनू. पाठचा भाऊ.
आमच्यापासून तिसरी गल्ली, निळं दार.
दोन वर्षांपूर्वी अर्धं अंग गेलं त्याचं,
शब्दही अर्धेच उरले.
विस्तिननं काय कमी केलं?
मिठाचं पोतं पाठवलं. चाकाची खुर्ची पाठवली, नवीकोरी.
खिडकीला जाळी बसवायला माणूस पाठवला.
स्वतःला तेवढं पाठवलं नाही.
आज वारा पडलाय, उद्या पोती भरायचीत,
रविवारी मिस्सा झाली की मिरवणुकीचे खांब.
कामाच्या मागे लपायला जागा भरपूर असते
आणि तिथून माणूस घामानं निथळतच बाहेर येतो.
कोण त्याला बोल लावणार?

मीही लावला नाही.
दोन वर्षं मिठाची गुळणी धरून होते,
मिठाच्या घरात ती सोपी पडते.
रात्री जपमाळ घ्यायची,
एक मणी नेनूच्या नावाचा,
की बोट लगेच पुढच्या मण्यावर.
तिसऱ्या गल्लीत जाण्यापेक्षा ते जवळ.

दुन अल्विज फारसं बोलत नाहीत.
"कामाचा कंटाळा चारचौघांना दिसतो," म्हणाले,
"प्रेमाचा कंटाळा कष्टाळू माणसाला
अगदी शोभून दिसतो."
आणि प्रायश्चित्त दिलं: एक दुपार,
नेनूपाशी, हात रिकामे ठेवून.
"एवढंच?" विस्तिन म्हणाला.
मग आठवडाभर गेला नाही.

गेला तेव्हा खिशात स्क्रूड्रायव्हर.
निळ्या दाराचं बिजागर कुरकुरलं
तसा हात खिशाकडे.
मी म्हटलं, बसा.
घड्याळ मागं पडलंय याचं.
बसा.
तो नळ बघ गं, थेंब थेंब...
बसा म्हटलं ना.

बसला. मांडीवर ते दोन हात,
भेगाभेगांत मीठ मुरलेले,
नव्या शाळेत पहिल्या दिवशी बसवलेल्या पोरांसारखे.
नेनूनं ते बराच वेळ बघितले.
मग धड उरलेल्या हातानं त्यातला एक उचलला
आणि तोंडाच्या चालत्या बाजूनं म्हणाला, "विस्."
आजारानं अर्धं केलेलं नाव असेल.
पण लहानपणीही तो एवढंच म्हणायचा.

तीनच्या सुमारास उत्तरेकडून ढग चढले,
ऑगस्टात कधी नसतात तसे.
खिडकीवर टपोरे थेंब.
खडकावर चौदा वाफे पिकलेले,
ताडपत्री घरी.
विस्तिनचे गुडघे उठले, अर्धे.
दाराकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.
हात नेनूच्या हातात होता, तो ओढवेना.
परत बसला.

लोक म्हणतात चेन्सा देवभोळी बाई.
ती सगळी सर थांबेपर्यंत
मी भिंतीला टेकून मनात
पोती मोजत होते,
अकरा, बारा,
परत समुद्रात चाललेली.