शाईचा ठिपका

ओनोतोआच्या शाळेतल्या नकाशात
ओनोतोआ नाही.
नेई तेरेंगानं तो शाईनं दिलाय;
नवी पोरं माशी समजून हाकलतात.

फोनसेवा कुठवर आली, रेडिओ सांगतो,
ती लाल खडूनं रंगवते:
मार्चात नॉर्वे, मग चिली,
जूनमध्ये अर्धी आफ्रिका.
उपग्रह तर रोज रात्री इथूनच जातात
माडांच्या शेंड्यांवरून, न थांबता.
पोरं मोजतात, आकड्यावरून भांडतात.

'पॅसिफिकची बेटं पुढच्या टप्प्यात.'
हे तिसऱ्यांदा.

नवरा टूनाच्या बोटीवर,
रंगवलेल्या कुठल्याशा किनाऱ्याजवळ.
त्याच्याकडे फोन आहे.
लावणार कुणाला?

खडू संपत आला.
नखाएवढा तुकडा तिनं काडेपेटीत घातलाय.
परवा ब्राझीलचं नाव आलं.
ब्राझील कोराच आहे.