वाजवण्याआधी संत्रं खायचं नाही

पहिला नियम सुरांचा नव्हताच.
कोठीघराच्या दारावर खडूनं लिहिलेला:
वाजवण्याआधी संत्रं खायचं नाही.
खाली, दुसऱ्या दिवशी, तिरक्या अक्षरात:
तर्रीपोहे तर नाहीच.
ओठ चुरचुरले की पितळ ऐकत नाही, म्हणायचे डोंगरवार सर,
कामठीच्या छावणीत अठ्ठावीस वर्षं बँडमध्ये काढून
आमच्या जरीपटक्याच्या शाळेत आलेले.
मिशी अजून सरकारी.

फुटबॉलच्या जाळीखालून वाद्यं निघाली,
ज्या पोट्टीला जे उरलं ते.
बिगुलला चावी नाही, भोक नाही,
मोजून पाच सूर.
"सर, या दोघांच्या मधात काय असते?"
"मधात काही नसते. उडी असते."

इक्रा मोमिनपुऱ्याहून सायकलनं यायची, काडीसारखी.
तिच्या मांडीवर आलं युफोनियम, पाण्याच्या हंड्याएवढं.
सगळा श्वास ओतला तरी तळ भिजायचा नाही,
चौथ्या मात्रेला डोळ्यांपुढे काजवे.
तिला चाल नव्हती वाजवायची.
खालचा सा, खालचा प, पुन्हा सा.
"बोअर होते ना बे," ती म्हणायची
आणि थांबायची तेव्हा कळायचं
आम्ही सगळ्या कशावर उभ्या होतो.

मला क्लॅरिनेट.
एका चावीला रबरबँड, मेथीच्या जुडीचा.
मी सा वाजवला,
तर तनुजा हेडाऊच्या वडलांची पेटी म्हणाली, हा कोमल नी.
पुन्हा वाजवला. पुन्हा कोमल नी.
मला रडूच आलं.
सर म्हणाले, "वाद्यच तसं हाय पोरी,
लोकांना सा ऐकवायचा
तर तुले रे वाजवा लागते."
ते मी वहीत लिहून घेतलं, गृहपाठासारखं.

पण खरी गोम पुढंच.
ध एका बोटावर लागतो,
अलगद, जशी दाराची कडी.
आणि शेजारचाच नी मागतो
सगळी बोटं, एकाच वेळी, एकही फट न ठेवता.
करंगळी पोचायची नाही.
मग ती किंकाळी,
शेपटीवर पाय पडलेल्या मांजराची,
आणि शेजारच्या वर्गातून हसू.
दिवाळीची सुट्टी मी त्या एका पावलावर घालवली:
ध, नी. ध, नी. ध,
आई म्हणाली, खालचंच वाजव ना, चांगलं वाटते.

सव्वीस जानेवारी, कस्तुरचंद पार्क, पहाटेचे सहा.
नागपूरची थंडी हाडात शिरते ते ठाऊक होतं,
पितळातही शिरते हे त्या दिवशी कळलं.
सगळा बँड उतरलेला, पाव सूर तरी.
स्वेटरच्या आत घ्या, सर ओरडत होते,
लेकरू धरल्यासारखं धरा.
तनुजानं ट्रंपेट काखेत घेतलं.
तिचा ओठ आदल्या रात्रीच फुटला होता,
कुणाला सांगितलं नव्हतं.

सलामीला एकटा ट्रंपेट, वरचा सा.
दोन महिने तिनं तो रोज काढला होता,
मान ताठ, गाल न फुगवता.
मी बाजूलाच. तिनं श्वास घेतला तो ऐकला.
मग काहीच नाही.
हवा. नुसती हवा.
आणि पुढच्याच मात्रेला
ती एक सप्तक खाली उतरून
तोच सा वाजवून गेली, सरळ, न थरथरता,
जणू कागदावर तसंच होतं.
मंचावरच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.
सरांची मिशी एकदा हलली.
गडबडीत माझा ध-नी कधी ओलांडला
मला आठवत नाही.

परतीच्या बसमध्ये सरांनी पोतडी उघडली.
संत्री.
प्रत्येकीला दोन, तनुजाला तीन.
पहिल्याच फोडीला ती कळवळली,
डोळ्यांतून पाणी, आणि हसतेय, आणि दुसरी फोड तोंडात.
सालीचा वास पार मागच्या सीटपर्यंत.
इक्रा मात्र अजून वाजवतच होती,
हंड्यात तोंड खुपसून, खालचा सा.
बस सुरू झाली तरी तिला पत्ता नाही,
इंजिन नेमकं त्याच सुरात होतं.