थेंबांचा हिशोब

पाषाणला, टेकडीच्या अंगाला आमची प्रयोगशाळा.
माझं काम सोपं : मोसंबीचा रस गाळायचा,
नळीत भरायचा, वहीत थेंब मांडायचे.

कोयना खुर्चीत बसते. समोर काच.
डावीकडे बघितलं तर नुसता रस.
उजवीकडे बघितलं तर रस कमी-जास्त,
पण काचेवर कुणाचं तरी तोंड.

कारभाऱ्याचं तोंड आलं
की कोयना चार थेंबांवर पाणी सोडते,
तहानलेली असून.
कारभारी म्हणजे पिंजरा क्रमांक एक,
त्यानं भुवई उचलली की अख्खी ओळ मागे सरते.
पिंट्याचं तोंड आलं तर उलटं :
आधी तीन थेंब जास्तीचे द्या, मग बघते.
पिंट्या सगळ्यांच्या शेवटी खातो.
त्याच्या कानाचा तुकडा गेलेला आहे.

देवस्थळी मॅडम आलेख काढतात, खूश होतात.
मी म्हटलं, मॅडम, हे आमच्या वारज्यात
कुणीही सांगितलं असतं.
नगरसेवक नुसता गाडीतून उतरला
तर भरल्या ताटावरून उठले होते लोक,
मठ्ठा तसाच, जिलबी तशीच.
त्या हसल्या. स्क्रीनकडे बघतच.

अकरा वर्षं त्या मला भालेकर म्हणतात.
मी भालेराव.

एका शनिवारी सगळे लवकर गेले.
ओळखपत्रावरचा माझा फोटो
मी चित्रांच्या रांगेत सरकवला,
कारभारी आणि पिंट्याच्या मधोमध.
उगाच.
नळी भरली, वही उघडली.
कोरड माझ्याच घशाला.

कारभारी : चार सोडले.
मी :

कोयनानं काचेकडे बघितलंच नाही.
काचेच्या कडेवरून पलीकडे बघितलं,
जिथं मी खरा उभा होतो,
आणि तिथंही तोंडाकडे नाही,
नळी धरलेल्या हाताकडे.
बराच वेळ.
मग जीभ जराशी बाहेर काढून थांबली.

याला वहीत रकाना नव्हता.
फोटो काढून घेतला, खिशात टाकला,
दिवे मालवत निघालो.

पिंट्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून.
त्यांच्यात रोखून बघणं म्हणजे दरडावणं,
म्हणून मीही जरा बाजूला बघत
उभा राहिलो.
त्यानं एकदा मान वळवली. पुन्हा फिरवली. पुन्हा वळवली.

खाली उतरलो तर वारज्याची बस गेलेली.
पुढची पन्नास मिनिटांनी.