उरलेलं वायसर

गोळीबार चौकातून आत वळलं की तिसरं दुकान.
पाटी नाही, कडुनिंबाला टांगलेले टायर हीच पाटी.
निनावे काका स्टुलावर, एका डोळ्यावर हिरवी पट्टी.
मोतीबिंदूचा आज चौथा दिवस.
"वाकू नोको म्हंते डाक्टर. तूच काढ चाक.
मी हावो ना इथं."

बारदान्यावर सायकल उलटी.
मे महिना, सकाळचे अकरा,
पान्याला हात लावून पटकन काढला.

"पुढचं चाक कोनीबी काढते," ते म्हणाले,
"मागच्याले संसार असते."
खरंच होतं: नट, नटामागे वायसर,
वायसरामागे स्टँडचा पाय, कॅरियरची दांडी, मडगार्डची तार,
आणि सगळ्यांच्या आत ती काळी चिकट चेन.
जे जसं निघालं तसं पेपरवर मांडत गेले.
मग झळ आली, पेपरचा कोपरा उलटला,
ओळ मोडली.

चाक हातात आलं तर वाटलं त्याहून हलकं.
काटा बाभळीचा, नखाएवढा.
पंक्चरचं काम दहा मिनिटांचं.
परत बसवायला एक तास.

काका बघत नव्हतेच. मान तिरपी करून ऐकत होते.
आधी घरी हातमाग होता,
धोट्याच्या आवाजावरून तुटला धागा कळायचा, म्हणे.
"चेन ढिली रायली त उतरते, कसली त रडते.
आंगठ्यानं दाबून पाय, अर्धा इंच.
आता इकडचा आवळ. थोडासाच. आता तिकडचा."

चाक चिमट्याला घासलं. सैल केलं.
दुसऱ्यांदा डावीकडे गेलं.
तिसऱ्यांदा मी शिवी दिली,
त्यांनी ती ऐकली नाही.
चौथ्यांदा हातानं पायडल फिरवला
आणि काका म्हणाले, "हं."

पेपर उचलला तर खाली एक वायसर.
"काका, एक उरलं."
त्यांनी अंगठ्यानं त्याची कड चाचपली.
"हे तुह्या सायकलीचं नाही आहे."
"माझ्यातूनच निघालं."
"इतके वर्सं कोनं कसली तुही सायकल?"

वीस दिले, दहा परत आले.
"काम तू केलं."

कमाल चौकापर्यंत हळूच चालवली,
कान मागे ठेवून.
काही वाजलं नाही.

संध्याकाळी भाजीवालीनं चिल्लर मोजली
आणि त्यातलं एक परत दिलं,
"बाई, हे नाही चालत."