नॉमिनी

किसननगरच्या शाखेत, दुपारी साडेतीनला,
प्रिंटर खोकत होता
आणि घाडीगावकर काकूंनी पिशवीतून
निवृत्तीचा चेक काढला.
कोथिंबिरीच्या जुडीखालचा, थोडा ओला.

फॉर्मचा सातवा प्रश्न मी वाचला: रिस्क ॲपेटाइट.
मग मराठीत सांगितलं, जोखमीची भूक.
कमी, मध्यम, की जास्त?
त्या हसल्या. "माझी भूक इचारतंस?
सोळा नंबर रोडवरचो कारखानो बंद पडलो,
त्या वर्षाक कोण इचारूक नाय इलो."
मी 'मध्यम'वर टिक केली.

मला शिकवलेलं मी त्यांना शिकवू लागलो.
महागाई दर म्हटल्यावर
त्यांनी नुसती जुडी उचलून दाखवली.
तरलता म्हणजे काकू, पैसा किती लवकर हातात येतो ते.
"रात्री दोनाक येता?"
नाही. तीन कामकाजी दिवस.
"मगे ता पाणी न्हय, बर्फ."

एकोणीस वर्षं त्यांनी भिशी चालवली होती,
पॅकिंगवरच्या अकरा बायकांची.
वहीत पेन्सिलीच्या उभ्या रेघा,
कुणाची सही, कुणाचा अंगठा.
एका वर्षी पहिली चिठ्ठी त्यांचीच निघाली
आणि ती त्यांनी मंदाकिनी शेलारला देऊन टाकली,
तिच्या मुलाच्या कानाच्या ऑपरेशनसाठी.
परतावा? मी विचारलं, सवयीने.
चौदा हप्ते,
शिवाय दर मे महिन्यात अर्धा फणस
वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
फणस टक्केवारीत कसा मांडायचा
हे ट्रेनिंगमध्ये नव्हतं.

शेवटचा रकाना उरला.
"नॉमिनी म्हणजे वारसच मां?"
नाही काकू. नॉमिनी मालक नसतो.
तुमच्यामागे पैसे त्याच्या हातात पडतात,
त्याने ते ज्याचे त्याला पोचवायचे.
हातात असतात, त्याचे नसतात.

त्या बराच वेळ फॉर्मकडे बघत राहिल्या.
टोकन चौसष्ट, टोकन पासष्ट.
"म्हणजे दर म्हयन्याच्या पाच तारखेक
मी होतंय, तशी."

पेन मागून घेतलं. दाबून लिहिलं,
खालच्या कार्बनवर उमटायला हवं असं,
कार्बन जाऊन इतकी वर्षं झाली तरी:
मंदाकिनी शेलार.

नातं? मी विचारलं.
यादीत पती होता, मुलगा, मुलगी, सून, इतर.
"इतर लिही. रकानो ल्हान आसा."

त्या गेल्यावर पाहिलं तर
चेकवर कोथिंबिरीचं एक पान चिकटलेलं.
ते तसंच स्कॅन झालं.